इन्व्हर्टरची बॅटरी भरलेली बरी, मग मोबाईलची का नाही?

एकाच घरात दोन बॅटऱ्या नांदतात. एक जिन्याखाली, उचलायला दोन माणसं लागतील अशी. दुसरी खिशात. लाईट जाणं अंगवळणी पडलेल्या सांगलीत पहिलीचा धडा सगळ्यांना पाठ आहे: कायम फुल्ल ठेवायची, उतरू द्यायची नाही. तोच धडा आपण खिशातल्या बॅटरीलाही लावतो. पण या दोघींचे स्वभाव जवळजवळ उलटे आहेत.

इन्व्हर्टरची बॅटरी शिसं आणि गंधकाम्लाची. ही जात १८५९ पासूनची, फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी काढलेली. वीज देताना तिच्या प्लेटांवर लेड सल्फेट धरतं. लाईट आली, चार्जिंग सुरू झालं की ते मोडतं. पण बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडली तर त्याचे टणक खडे होतात आणि मग ते चार्जरलाही दाद देत नाहीत. चार्जर काढून काही तासांनी मीटर लावला आणि १२.६-१२.७ व्होल्ट आले, तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ च्या आसपास असेल तर साधारण निम्मी उतरली समजा. त्यामुळे ही कायम चार्जिंगवर असणंच योग्य. त्यात तिचं पाणी हळूहळू कमी होतं, तेव्हा पाण्याची पातळी दाखवणारा फ्लोट खाली गेला की डिस्टिल्ड वॉटर घालायचं. बोअरचं पाणी तर चुकूनही नको, त्यातले क्षार प्लेटांना बाधतात.

मोबाईलमधली लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ साली बाजारात आणली. तिच्यात सल्फेटची भानगडच नाही. तिला जड जातं ते काठोकाठ भरलेलं राहणं. शंभर टक्क्यांना सेल ४.२ व्होल्टवर असतो, नव्या फोनांत त्याहूनही वर. एवढ्या ताणाखाली आतलं रसायन इलेक्ट्रोडशी, म्हणजे सेलमधल्या धन-ऋण पट्ट्यांशी, नको त्या प्रक्रिया करत राहतं, त्यांच्यावरचा थर जाड होत जातो आणि थोडं थोडं लिथियम कायमचं अडकतं. रात्रभर प्लगला ठेवल्याने ‘ओव्हरचार्ज’ होतो ही भीती मात्र फुकाची, कारण फोन चार्जिंग स्वतःच थांबवतो. झीज होते ती भरल्या अवस्थेत तासन्‌तास राहिल्याने, त्यातही उशीखाली गरम होत राहिला तर जास्त.

खरं सांगायचं तर टक्क्यांपेक्षा मला उष्णतेची काळजी जास्त वाटते. ॲपल कंपनी आपले फोन ३५ अंशांच्या वर नकोत म्हणते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीतला पाराच त्याच्या पुढे जातो. भर दुपारी तासगावकडे जाणाऱ्या दुचाकीचं हँडल बघा: फोन उन्हात, मॅप चालू, स्क्रीनचा उजेड पूर्ण, वर पॉवरबँकेची वायर. एकाच वेळी एवढं सगळं सोसायला लावून मग ‘कंपनीने बॅटरीच हलकी दिली’ म्हणायचं!

‘पूर्ण उतरवा, मगच लावा’ हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. लिथियमला त्याचा उपयोग नाही, उलट रोज शून्यावर नेणं वाईटच. मधेमधे लावल्याने बॅटरीच्या सायकली, म्हणजे पूर्ण वापराचे फेरे, वाया जातात हेही खोटं. आज निम्मी वापरली, उद्या निम्मी, तर दोन्ही मिळून एकच सायकल. आयफोन १४ पर्यंत ५०० सायकलींनंतर आणि १५ पासून १००० सायकलींनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरावी असा ॲपलचा हिशोब आहे.

मग करायचं काय? सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा असेल तर लावून टाका आणि विसरून जा. दर तासाला टक्के मोजत बसण्यात अर्थ नाही. बॅटरी आपल्यासाठी आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णा पुराच्या ४० फुटांच्या इशारा पातळीकडे निघाली की मर्यादा काढा, फोन शंभरवर ठेवा, पॉवरबँकही भरा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. अशा वेळी बॅटरीच्या आयुष्याचा हिशोब कोण करतो?

महिनाभर मुलाकडे पुण्याला निघालात, तर इन्व्हर्टरची बॅटरी पूर्ण भरून, पाणी बघून जा. कपाटातला जुना फोन मात्र निम्मा चार्ज करून, बंद करून ठेवा. त्याची पाठ फुगलेली दिसली तर चार्जिंगलाच लावू नका, दाबून बसवायलाही जाऊ नका. थेट दुरुस्तीवाल्याकडे न्या.