सत्यात जगणे

सत्यात जगणे : चेक नाटककार वाक्लाव हावेल (१९३६–२०११) यांनी १९७८ साली ‘सत्ताहीनांची सत्ता’ या दीर्घ निबंधात मांडलेली नैतिक संकल्पना. जे मनाला पटत नाही ते केवळ निवांत जगता यावे म्हणून उच्चारणे सोडून देणे, एवढीच तिची सुरुवात. मात्र त्यासाठी माणसाला किती मोजावे लागते, हे हावेल यांनी स्वतः भोगले होते.

ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले. पुढच्या दशकात चेकोस्लोव्हाकियात भीतीच्या जोडीला एक मूक सौदा रुजला : राजकारणात तोंड घालू नका, घरदार आणि सुट्ट्या सुखाने भोगा. १९७६ मध्ये एका रॉक संगीतमंडळाशी संबंधित तरुणांवर खटला चालला आणि त्यातून पुढे ‘चार्टर ७७’ हे मानवी हक्कांचे निवेदन आले. त्याचे एक प्रवक्ते, तत्त्वज्ञ यान पातोचका, पोलिसांच्या प्रदीर्घ चौकशीनंतर मार्च १९७७ मध्ये वारले. हावेल यांनी हा निबंध त्यांच्याच स्मृतीला वाहिला आहे.

निबंधातला भाजीवाला आज जगभर ओळखला जातो. वरच्या कार्यालयातून कांदे-गाजरांबरोबर ‘जगातील कामगारांनो, एक व्हा!’ ही पाटीही येते आणि तो ती दुकानाच्या काचेत लावतो. कामगारांच्या एकजुटीचा विचार त्याच्या मनालाही शिवत नाही. पाटीचा खरा अर्थ वेगळाच असतो : मी आज्ञेत आहे, मला त्रास देऊ नका. ‘मी घाबरतो’ असे लिहिलेली पाटी त्याने लावली नसती, लाज वाटली असती. थोर शब्दांमुळे ती लाज झाकली जाते. दुकानापुढून जाणारी बाई ती पाटी वाचतही नाही, कारण तिच्या कचेरीतही अशीच एक टांगलेली असते. एके दिवशी त्याने पाटी काढली, तर त्याची रवानगी गोदामात होईल, पगार कापला जाईल, मुलांचे उच्च शिक्षण धोक्यात येईल. शिक्षा देणारेही मनातून चिडलेले नसतील. तेही आपापली पाटीच सांभाळत असतील. सत्ताधारी आणि प्रजा यांच्यामधली रेघ इथे प्रत्येकाच्या आतून जाते. कोणीच निव्वळ बळी उरत नाही, हा या लेखनातला सर्वांत कठोर आणि सर्वांत खरा भाग आहे.

ही टीका केवळ साम्यवादी राजवटीवर नाही. ती राजवट हुकूमशाही आणि ग्राहकसमाज यांच्या भेटीतून जन्मली, असे हावेल म्हणतात. वस्तूंच्या सुखासाठी आतला आवाज गहाण टाकण्याची तयारी पाश्चात्त्य माणसातही त्यांना दिसते; तिथे त्याला वळवण्याच्या रीती अधिक सफाईदार, एवढाच फरक. तिथल्या संसदीय लोकशाहीकडेही या रोगावर मूलभूत उपाय त्यांना दिसत नाही.

‘डिसिडंट’, म्हणजे राजवटीला उघड विरोध करणारा, हा शब्द हावेल यांना खटकत असे. १९७४ मध्ये ते एका ब्रुअरीत मजुरी करत होते. तिथल्या त्यांच्या वरिष्ठाला फक्त चांगली बिअर बनवायची होती. त्याने कारभारातल्या चुका पत्राने वर कळवल्या, तर त्याच्यावर राजकीय घातपाताचा शिक्का बसला आणि दुसऱ्या ब्रुअरीत बदली झाली. मन लावून आपले काम करणारा माणूसही असा बंडखोर ठरतो. विद्यापीठातल्या व्याख्यानांपेक्षा हे उदाहरण अधिक शिकवते.

कार्बन-प्रतींवर फिरणारा हा निबंध पोलंडमध्येही गेला. वॉर्सॉजवळच्या उर्सुस ट्रॅक्टर कारखान्यातले कामगार चळवळीचे कार्यकर्ते झ्बिग्न्येव बुयाक यांनी नंतर सांगितले, की धीर खचत असताना या वाचनाने त्यांना आपल्या कामाचा आधार सापडला. स्वकीयांकडून आक्षेपही आले : कादंबरीकार लुडविक वाकुलिक यांनी १९७८ च्या अखेरीस, सामान्य माणसाकडून तुरुंगात जाण्याइतक्या धैर्याची अपेक्षा धरावी का, असा प्रश्न विचारला.

हावेल स्वतः मे १९७९ मध्ये पकडले गेले आणि त्यांना साडेचार वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबर १९८९ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले. भारत सरकारने २००३ चा गांधी शांतता पुरस्कार त्यांना दिला.