आरसा तापतो!

फोंड्यातल्या विज्ञान प्रदर्शनांत एक समज वर्षानुवर्षं ऐकतोय: लेझर म्हणजे दोऱ्यासारखी रेघ, पसरत नाही, आणि उत्तम आरसा तापत नाही. दोन्ही चूक.

लेझर पॉइंटरचा तळहातावरचा तांदळाएवढा ठिपका मैदानापलीकडच्या चिऱ्याच्या भिंतीवर करवंटीएवढा होतो. सुरुवातीला झोत जितका बारीक, तितका तो पुढे अधिक पसरतो. म्हणून अमेरिकेतल्या लायगोच्या, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या यंत्रणेच्या, 4 किलोमीटर लांब भुजांत (सरळ नळ्यांत) झोत मुद्दाम रुंद ठेवतात. भुजेच्या टोकाच्या आरशावर तो दहा-बारा सेंटीमीटरांचा असतो. आरसा 34 सेंटीमीटर व्यासाचा, 40 किलोंचा, शुद्ध सिलिका काचेचा.

भुजेत काही लाख वॅट प्रकाश खेळतो. आरसा त्यातला दहा लाखांतला एक भागही शोषत नाही, म्हणजे उष्णता एका वॅटहून कमी. तेवढीही पुरते! झोत मध्यभागी सर्वांत प्रखर, कडेला मंद. तव्याच्या मधोमधच जाळ लागला की घावन मध्ये करपतं, कडा ओल्या राहतात, तसंच हे. मध्यभाग नॅनोमीटरांनी फुगतो, काच भिंगासारखी वागते, झोताचा आकार बिघडतो. उपाय मला फार आवडतो: आरशाभोवती तापतं कडं बसवून कडाही तापवतात.