‘समजलं ना?’ विचारून काहीच कळत नाही

पर्यटनाच्या सीझनमध्ये गोव्यातल्या मोरजी-हरमलच्या एखाद्या फार्मसीत तासाभरात रशियन पर्यटक, ओडिशाहून आलेला बांधकाम मजूर आणि फक्त कोंकणी बोलणारी आजी, अशी तीन गिऱ्हाइकं सहज येऊन जातात. तिघांनाही ओआरएस, म्हणजे जुलाब झाल्यावर पाण्यात कालवून घ्यायचं क्षार-साखरेचं मिश्रण, हवं असतं. काउंटरवरचा माणूस ते कसं घ्यायचं हे सांगतो आणि शेवटी विचारतो, ‘समजलं ना?’ तिघंही ‘हो’ म्हणतात.

या ‘हो’वर विसंबू नये. समोरच्याला तोंडावर ‘नाही कळलं’ म्हणणं अनेक समाजांत कमीपणाचं किंवा उद्धटपणाचं वाटतं, त्यामुळे तो होकार बऱ्याचदा निव्वळ सौजन्याचा असतो. इथे मात्र चूक महागात पडते. एक लिटरचं पाकीट एका पेल्यात कालवलं तर क्षारांचं प्रमाण चार-पाच पट होतं आणि अंगातलं पाणी आणखी कमी होऊ शकतं.

आरोग्यसेवेत यावर ‘टीच-बॅक’ नावाची पद्धत वापरतात. ‘घरी गेल्यावर हे कसं कराल, मला सांगा. मी नीट सांगितलं की नाही ते बघायचंय,’ असं म्हणायचं. दुसरं वाक्य गाळू नका. त्यामुळे परीक्षा तुमची होते, त्यांची नाही. भाषा अगदीच तोकडी पडत असेल तर पाण्याची रिकामी बाटली पुढे ठेवा आणि पाणी कुठवर भरायचं ते बोटाने दाखवायला सांगा. उत्तर चुकलं तर तेवढाच भाग पुन्हा सांगून परत विचारा.

दुसरी अडचण ऐकू येत नाही, कारण ती शब्दांच्या मधल्या जागेत असते. 2009 साली संभाषणाच्या अभ्यासक तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी दहा भाषांमधल्या संभाषणांत हो-नाही प्रकारच्या प्रश्नांनंतर उत्तर किती वेळात येतं ते मोजलं. सरासरी निघाली सुमारे 200 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. जपानी सर्वांत चटपटीत, सुमारे 7 मिलिसेकंद; डॅनिश सर्वांत सावकाश, सुमारे 469. एकही भारतीय भाषा त्यात नव्हती. फरक अर्ध्या सेकंदाहूनही कमी, पण आपल्या सवयीपेक्षा जरा जास्त शांतता झाली की ‘याला कळलं नाही’ किंवा ‘याला पटलं नाही’ असं मनात येतं आणि आपण मध्येच बोलतो. परक्या भाषेत उत्तर जुळवायला तर आणखी वेळ लागतो.

म्हणून प्रश्न विचारल्यावर मनात सावकाश तीन आकडे मोजा. तरीही उत्तर नाही आलं तर तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारा. आपण चांगुलपणाने लगेच शब्द बदलून विचारतो आणि ऐकणाऱ्याला अर्थ लावायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दोनदा विचारूनही अडलं, तरच सोपा शब्द शोधा. आवाज चढवून उपयोग नाही. वाक्य लहान करा, दोन वाक्यांच्या मध्ये थांबा आणि टीव्ही किंवा घरघरणारा पंखा बंद करा: गोंगाटात परकी भाषा समजणं मातृभाषेपेक्षा कितीतरी अवघड जातं.

मान डोलावण्याबद्दलही थोडं. आपली आडवी डुलणारी मान युरोपीय पाहुण्याला नकार वाटू शकते, तेव्हा सोबत ‘येस’ किंवा ‘नो’ तोंडाने म्हणा. आणि रशियन पाहुणा हसला नाही म्हणून तो रागावलाय असं धरू नका. अनोळखी माणसाकडे बघून हसण्याची पद्धत तिथे फारशी नाही. अर्थात ही देशाची सर्वसाधारण सवय झाली. समोर उभा असलेला माणूस वेगळा असू शकतो, म्हणून अशी माहिती पहिल्या अंदाजापुरतीच वापरावी.

आकडे मात्र नेहमी लिहूनच द्यावेत. होमस्टेच्या बुकिंगमध्ये 03/04 म्हणजे आपल्याला 3 एप्रिल, अमेरिकन पाहुण्याला 4 मार्च. म्हणून महिना अक्षरांत लिहा. रशिया आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, त्यामुळे 1,500 हा आकडा तिथल्या माणसाला दीड वाटू शकतो. 1500 असं सलग लिहावं आणि पुढे ‘रुपये’.

सरावाला म्हापशाचा शुक्रवारचा बाजार उत्तम. पहिला आठवडा फक्त थांबण्याचा सराव करा, मग टीच-बॅकचा. दोन्ही एकदम सुरू केले तर सगळं लक्ष स्वतःकडेच राहतं आणि समोरचा काय म्हणतोय तेच निसटतं.