महाशीर ठेवायचा की सोडायचा: धरणकाठच्या वादाची पार्श्वभूमी

पुण्याजवळच्या पवना किंवा मुळशी धरणाच्या पाण्यात पाच किलोच्या वरचा महाशीर, म्हणजे नदीतला तो मोठा मासा, गळाला लागला की काठावर लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, सोडून दे. दुसरा म्हणतो, सोडलास तरी उद्या ठेकेदाराच्या जाळ्यातच जाणार, मग आपल्या घरी का नको? वाद नवा वाटतो, पण त्याची बरीचशी सामग्री गेल्या पन्नासएक वर्षांत जमा झाली आहे. त्याआधी हा प्रश्न कुणाला फारसा पडत नव्हता.

जुना काळ थोडक्यात. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य दरबारी लिहिलेल्या संस्कृत ज्ञानकोशात गळाने मासे धरण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणजे छंद म्हणून मासेमारी इथे इंग्रजांनी आणली असं नाही. देहू-आळंदीला इंद्रायणीचे डोह आणि महाडजवळ काळ नदीवरचा वाळणकोंड इथले महाशीर देवाचे म्हणून राखले गेले. तिथे धरण्याचाच प्रश्न नव्हता, मग सोडण्याचा कुठून येणार? दख्खनच्या महाशीरला शास्त्रीय नाव मिळालं १८३९ मध्ये, तेही पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. ज्या पाण्यात ही जात पहिल्यांदा नोंदली गेली, तिथून आज शहराचं मैलापाणी वाहतं.

साहेबी अमदानीत मासा मोजला जायचा तो वजनावर. १९४६ मध्ये कावेरीच्या कबिनी या उपनदीत १२० पौंडांचा महाशीर धरला गेला. तो विक्रम अजून सांगितला जातो. मोठा मासा मारायचा, तोलायचा, डोकं किंवा अख्खं कातडं पेंढा भरून भिंतीवर लावायचं आणि मांस छावणीत वाटायचं, अशी रीत होती. परवाना, किमान माप, दिवसाला किती मासे, हे नियम देशात अंगवळणी पडले ते ट्राउट या बाहेरून आणलेल्या, थंड पाण्यातल्या माशाच्या पाण्यावर. १९०० मध्ये ब्राउन ट्राउट काश्मीरमध्ये रुजला, पुढच्या दशकात निलगिरीत रेनबो आला. मापाखालचा मासा परत टाकायचा, ही सवय त्या थंड ओढ्यांवर लागली. मोठा मासासुद्धा सोडायचा, ही कल्पना मात्र अमेरिकेतल्या ट्राउटच्या नद्यांवरून विसाव्या शतकाच्या मध्यात पसरली आणि आपल्याकडे कावेरीकाठच्या मासेमारी शिबिरांतून आली. तिथे मासा तोलून, फोटो काढून सोडायचा दंडक होता, आणि प्रत्येक माशाची नोंद वहीत व्हायची. त्या वह्यांकडे पुढे येऊच.

पुण्याच्या बाजूने गोष्ट सुरू होते लोणावळ्यात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वळवणच्या तलावाकाठी, जलविद्युतसाठी तलाव बांधणाऱ्या कंपनीनेच महाशीरचं बीजोत्पादन केंद्र उभं केलं. धरणांनी नद्या अडवल्या, माशांना वर चढता येईना, जात संपते की काय अशी भीती होती, आणि ती रास्त होती. पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, ओढे तलावाला मिळतात तिथे पिकलेल्या माद्या येतात. त्यांना धरून, पोट हलकेच दाबून अंडी काढायची, नराचं वीर्य मिसळायचं आणि वाहत्या पाण्याच्या तबकांत अंडी ठेवायची. सोनेरी, जड, तळाला बसणारी अंडी. पाण्याच्या तापमानानुसार तीन-चार दिवसांत फुटतात. पिलं बोटाएवढी, म्हणजे बोटुकली, झाली की पाण्यात सोडायची. अशी बोटुकली मुळशीसारख्या तलावांतच नव्हे, तर कर्नाटकातल्या कावेरीपासून ईशान्येपर्यंत गेली. ज्या काळात जात वाचवणं म्हणजे जास्तीत जास्त ठिकाणी सोडणं असं मानलं जायचं, त्या काळाला धरूनच हे झालं.

आता कावेरीच्या वह्या. १९९८ ते २०१२ या काळातल्या एका शिबिराच्या नोंदी अभ्यासकांनी नंतर तपासल्या. त्यांत सहा हजारांवर महाशीर होते. एकूण मासे वाढलेले दिसले, पण वाढ झाली ती निळसर परांच्या महाशीरची, म्हणजे आपल्या दख्खनच्या महाशीरची, कावेरीत बाहेरून आणलेल्या जातीची. कावेरीचा मूळचा, पाठीवर मदार असलेला महाशीर त्याच काळात झपाट्याने घटला. या मदारवाल्याला कुठलं शास्त्रीय नाव लावायचं याचा घोळ दीडशे वर्षं चालला. शिरूरच्या घोड नदीतल्या माशावरून १८३९ मध्येच दिलेलं दुसरं एक नाव त्याला बराच काळ चिकटवलेलं होतं. २०१८ मध्ये तो केरळातल्या पांबार नदीतून २००७ साली वर्णन झालेल्या जातीचाच आहे हे ठरलं, आणि लगेच त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. नाव ठरत नव्हतं तोवर त्याला लाल यादीत, म्हणजे कुठली जात किती धोक्यात आहे हे सांगणाऱ्या आययूसीएनच्या जागतिक यादीत, जागाच मिळत नव्हती. तोवर बोटुकली सोडणं चालूच होतं. त्याच सुमारास आपल्या दख्खनच्या महाशीरची नोंद उलट दिशेने गेली: २०११ च्या यादीत संकटग्रस्त असलेला मासा नव्या मूल्यांकनात ‘कमी चिंता’ या वर्गात आला.

मासा ठेवू इच्छिणाऱ्यांनी ही दुसरी बातमी बरोबर उचलली. यादीच म्हणते चिंता नाही, मग सोडायचा कशासाठी? हा युक्तिवाद वरवर पटतो, पण एक गोष्ट त्यातून निसटते. वर्ग बदलला तो पूर्ण जातीचा, आणि जात जिथे-जिथे नेऊन सोडली तिथे ती बरी चालली आहे. त्यावरून पवनेतला किंवा इंद्रायणीतला मूळ साठा सुरक्षित आहे असं निघत नाही. या दोन नद्यांत हा मासा घरचा आहे, कावेरीत तोच मासा पाहुणा म्हणून आला आणि घरमालकाच्या जागेवर बसला. त्यामुळे सोडण्याचा सरसकट नियम सगळीकडे लावणारे आणि ठेवण्याचा सरसकट परवाना मागणारे, दोघेही चुकतात. कावेरीत निळ्या परांचा मासा ठेवला तर नदीचं नुकसान नाही. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या नद्यांत मोठा मासा ठेवणं हे मूळच्या साठ्यातून काढणं आहे. मिळालेला मासा दुसऱ्या तलावात ‘वाढायला’ नेऊन टाकणं सर्वांत वाईट. कावेरीत झालं ते लहान प्रमाणावर पुन्हा करणंच ते.

आता ठेकेदाराच्या जाळ्याचा मुद्दा. धरणांचे जलाशय मासेमारीसाठी ठेक्याने दिले जातात, बहुतेक वेळा मच्छीमार सहकारी संस्थांना. संस्था कटला, रोहू, मृगळाची बोटुकली सोडते आणि त्यांच्या मापाची गिलनेट लावते. त्या पाण्यातला मासा ठेवायचा तर संस्थेला विचारणं ओघानेच आलं. त्यांनी भरलेल्या ठेक्यातला तो माल आहे. पण ‘सोडलेला मासा जाळ्यातच जाणार’ हे मोठ्या माशाबाबत फारसं खरं नाही. गिलनेट घेरावर धरते. ठरावीक आसाच्या (भोकाच्या मापाच्या) जाळ्यात ठरावीक घेराचा मासा कल्ल्यांपर्यंत शिरतो आणि अडकतो; लहान आरपार जातो, फार मोठा नाकाने धडकून मागे फिरतो किंवा जाळं फाडतो. आठ किलोचा महाशीर म्हणजे बहुधा जाळ्यांच्या मापातून निसटून पुढे गेलेला मासा. त्याला खरा धोका असतो तो पावसाळ्यात ओढ्यांत चढताना: चढणीचे मासे धरायला बसलेली गर्दी, ब्लीचिंग पावडर, विजेचा झटका, सुरुंगाची दारू.

आणि हा मोठा मासा बहुधा मादीच असतो. नर लवकर आणि लहानपणीच पिकतात. फार मोठी होतात त्या माद्या. रोहूची मादी किलोमागे दोन-तीन लाख अंडी देते, महाशीरची काही हजारच. कटला-रोहूच्या हिशेबाने महाशीरकडे पाहणं म्हणूनच चुकतं. दोन किलोचा एखादा नर परवानगीच्या पाण्यातून घरी नेला तर फार बिघडत नाही, आठ किलोची मादी नेली तर त्या ओढ्याची अनेक पावसाळ्यांची वीण नेली. बाहेरून आलेल्या चिलापीला, म्हणजे टिलापियाला, या हिशेबात जागाच नाही. ती कितीही मिळो, ठेवावी.

सोडणं हेही जमवावं लागतं, नाहीतर सोडलेला मासा तासाभराने तळाला मरून पडतो आणि आपण मात्र समाधानाने घरी जातो. बिघाड होतो तो प्रामुख्याने तीन ठिकाणी.

पहिलं, लढत. हलक्या दोरावर मोठा मासा अर्धा तास खेळवणं ही मर्दुमकी नाही. कावेरीवर झालेल्या चाचण्यांत लढत लांबली तसं माशाच्या रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे दमलेल्या स्नायूंतून येणारं द्रव्य, चढलेलं दिसलं. नीट हाताळलेल्यांतले मेले मात्र थोडेच. उन्हाळ्यात हा हिशेब आणखी कडक होतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. एप्रिल-मेच्या दुपारी, पाणी उतरलेलं असताना, मोठ्या माशामागे न लागणं बरं.

दुसरं, गळ. कणकेचा किंवा नाचणीचा गोळा तळाला टाकून काठी दगडाला टेकवून ठेवली की मासा आमिष घशापर्यंत नेतो. महाशीरचे दात घशात असतात, तिथे तो शिंपले चुरडतो. तिथवर गेलेला गळ काढायला चिमटा खुपसणं म्हणजे कल्ले फाडणं. अशा वेळी दोर गळाजवळ कापून मासा सोडावा. त्याहून चांगलं म्हणजे गोळ्याला सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोलसर गळ, लावावा. तो बहुधा ओठाच्या कोपऱ्यात बसतो. स्पून-स्पिनरवरचा (धातूच्या नकली आमिषावरचा) तीन तोंडांचा गळ काढून एकेरी लावावा आणि त्याचा उलटा काटा पकडीने चेपून टाकावा. दोर सैल पडू दिला नाही तर चेपलेल्या गळावरून मासे फारसे सुटत नाहीत.

तिसरं, हाताळणी. हात आधी ओले करावेत, नाहीतर अंगावरची बुळबुळ निघते आणि चारेक दिवसांत बुरशी धरते. जाळी रबराची, गाठी नसलेली. जबड्याला पकड लावून मासा उभा लोंबकळवू नये: पाण्यात तरंगणारं वजन एकदम मणक्यावर आणि आतड्यांवर येतं. एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा छातीखाली, मासा आडवा, पाण्याच्या वितभर वर, आणि फोटोला तुम्ही श्वास रोखून धराल तेवढाच वेळ. सोडताना तोंड प्रवाहाकडे धरून ठेवावं. धरणाच्या स्थिर पाण्यात मासा पुढे-मागे ढकलायची सवय अनेकांना असते. मागे ओढताना पाणी कल्ल्यांतून उलटं जातं, म्हणून फक्त पुढे न्यावं किंवा शांत धरावं. शेपटीने स्वतःहून जोर केला की हात काढायचा. कुशीवर झाला तर परत धरायचा.

कल्ल्यांतून रक्ताची धार लागली असेल तर मासा बहुधा वाचत नाही. मग तो ठेवायला परवानगी आहे का एवढंच पाहावं. मरणारा मासा तत्त्वासाठी पाण्यात ढकलण्यात काही अर्थ नाही. देवाच्या डोहात आणि अभयारण्यात हा प्रश्नच येत नाही, तिथे गळच टाकायचा नाही.

भिंतीवर लावायला मासा हवा असेल, तर पेंढा भरण्याची गरज आता उरलेली नाही. लांबी, घेर आणि दोन-तीन स्पष्ट फोटो दिले की फायबरची प्रतिकृती बनते. वजनासाठी काटाही लागत नाही. पाठीच्या पराच्या पुढचा घेर आणि नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्यावी. लांबी गुणिले घेराचा वर्ग, भागिले २८,९००, म्हणजे अंदाजे किलो. ८० सेंटिमीटर लांब आणि ४४ घेराचा मासा ५.४ किलोच्या आसपास येतो. हे सूत्र ट्राउटवाल्यांचं. महाशीरला ते थोडं इकडेतिकडे होतं, पण कापडी टेप पाण्यातच गुंडाळून माप घेता येतं.