घासून रोबोटचा पक्ष बदलत नाही, भो!

लहानपणापासून भुसावळात ऐकत आलोय: ट्रान्सफॉर्मर्स या खेळण्यातल्या रोबोटवरचं काळं स्टिकर घासलं की नशिबाने ऑटोबॉट किंवा डिसेप्टिकॉन, या दोन लढणाऱ्या पक्षांपैकी एकाचं चिन्ह निघतं, पुन्हा घासलं की पक्ष बदलतो.

साफ खोटं. चिन्ह कारखान्यातच ठरलेलं. बोटाच्या उबेने ते दिसतं, गार झालं की परत काळं. (आमच्या मे महिन्यात घासायची तरी काय गरज!) १९८५ मध्ये ही स्टिकरं आली ती अस्सल-नक्कल ओळखायला.

पक्षांतर होतं ते कथेत. रोबोटांच्या सायबरट्रॉन ग्रहाच्या युद्धात लाल चेहऱ्याचं चिन्ह ऑटोबॉट्सचं, जांभळ्या चेहऱ्याचं डिसेप्टिकॉन्सचं. कार्टूनमधला स्कायफायर डिसेप्टिकॉन्सना सोडून ऑटोबॉट्सकडे आला, तो स्वतःच्या मनाने. तिथे आधी मन बदलतं, मग छातीवरचं चिन्ह.