व्यवसाय-संवाद, तंत्रसाहाय्य व कार्यस्थळ-प्रशिक्षण : महाविद्यालयीन अभ्यासक्रम

नोकरीच्या ठिकाणी लागणारे लेखन व भाषण, संगणक आणि तत्सम साधने वापरणाऱ्यांना करावयाची मदत, तसेच कर्मचाऱ्यांना प्रत्यक्ष काम शिकविण्याची पद्धती या तीन विषयांचे महाविद्यालयीन स्तरावरील शिक्षण. हे विषय बहुधा वेगवेगळ्या विभागांकडे असतात : पहिला वाणिज्य किंवा भाषा विभागाकडे, दुसरा संगणक विभागाकडे आणि तिसरा व्यवस्थापन किंवा शिक्षणशास्त्र विभागाकडे. काही महाविद्यालयांत मात्र ते एकाच पदविकेत वा पदवीत एकत्र शिकविले जातात आणि विषयांचे स्वरूप पाहता हीच मांडणी अधिक योग्य म्हणावी लागते. पत्र लिहिणारा, मदतकक्षात फोन घेणारा आणि नवख्याला यंत्रावर उभा करणारा या तिघांचे मूळ काम एकच आहे. आपल्याला जे ठाऊक आहे ते समोरच्याच्या हाती अशा रीतीने द्यायचे, की पुढचे काम त्याला स्वतःला करता यावे.

व्यावहारिक पत्रलेखनाच्या पद्धतशीर शिक्षणाची परंपरा जुनी आहे. अकराव्या-बाराव्या शतकांत इटलीमध्ये, प्रथम माँते कासीनो येथील मठात व पुढे बोलोन्या येथे, पत्रलेखनाचे स्वतंत्र शास्त्र आकाराला आले. त्यात पत्राचे अभिवादन, वाचकाची सदिच्छा मिळविणे, हकीकत, मागणी आणि समारोप असे पाच भाग मानले जात. आजचा कार्यालयीन अर्ज समोर ठेवून पाहिला तर हाच सांगाडा थोड्याफार फरकाने त्यात दिसतो. एकोणिसाव्या शतकात या शिक्षणाला नवे साहित्य मिळाले. आयझॅक पिटमन यांनी आपली लघुलेखनपद्धती 1837 मध्ये प्रसिद्ध केली आणि 1874 मध्ये रेमिंग्टन कंपनीने टंकलेखन यंत्र बाजारात आणले. लघुलेखन, टंकलेखन आणि जमाखर्च शिकविणाऱ्या वाणिज्य शाळा त्यानंतर झपाट्याने वाढल्या. अमेरिकेत 1881 मध्ये व्हॉर्टन आणि 1908 मध्ये हार्वर्ड येथे व्यवसायशिक्षणाच्या शाळा सुरू झाल्या, तेव्हा हा विषय विद्यापीठाच्या आवारात आला. 1936 मध्ये व्यवसायलेखन शिकविणाऱ्या अध्यापकांची संघटनाही स्थापन झाली. असोसिएशन फॉर बिझनेस कम्युनिकेशन या नावाने ती आज ओळखली जाते.

व्यवसाय-संवादाच्या अभ्यासक्रमात पत्र, ई-मेल, परिपत्रक, सभेचे इतिवृत्त, प्रस्ताव, अहवाल आणि तोंडी सादरीकरण हे प्रकार साधारणपणे सर्वत्र असतात. नमुने पाठ करून घेणे हा यातला सोपा, पण कमी उपयोगाचा भाग होय. खरे शिक्षण मजकुराच्या क्रमात आहे. वाचकाला आवडेल किंवा निदान खटकणार नाही अशी बाब सांगायची असेल तर ती पहिल्या वाक्यात सांगावी, आणि नकार किंवा अप्रिय बातमी द्यायची असेल तर आधी कारण देऊन मग निर्णय सांगावा, ही विभागणी पाठ्यपुस्तकांत रूढ आहे. तिचा दुसरा अर्धा भाग जपून वापरावा लागतो, कारण कारणांच्या मागे नकार इतका दडून राहतो की पुष्कळदा वाचकाला तो नकार आहे हेच समजत नाही. पहिल्या भागाबद्दल मात्र दुमत होण्याचे कारण नाही. विद्यार्थ्याने लिहिलेल्या पहिल्या मसुद्यात चार परिच्छेद पार्श्वभूमी असते आणि ‘तरी शुक्रवारपूर्वी मंजुरी मिळावी’ ही ओळ अगदी तळाशी येते. ती ओळ उचलून वर ठेवली, तिच्याखाली दोन कारणे दिली आणि उरलेले सहपत्रात टाकले, की तेच पत्र वाचणारा अधिकारी उभ्या उभ्या उत्तर देऊ शकतो.

महत्त्वाची गोष्ट तळाशी गेल्याने काय होते याचे एक अतिशय गंभीर उदाहरण या विषयाच्या वर्गांत शिकविले जाते. 16 जानेवारी 2003 रोजी कोलंबिया हे अंतराळयान झेपावत असताना बाह्य टाकीवरील फोमचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असतानाच अभियंत्यांनी संभाव्य हानीचा अंदाज नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइडच्या रूपात मांडला. त्यांतील एका स्लाइडचे शीर्षक दिलासा देणारे होते. आदळलेल्या तुकड्याचे अंदाजे आकारमान 1920 घन इंच होते आणि उपलब्ध चाचण्या मात्र 3 घन इंचांच्या तुकड्यांवर झाल्या होत्या. म्हणजे हाती असलेली चाचणीची माहिती या प्रसंगाला जवळजवळ लागूच पडत नव्हती. ही बाब सर्वांत खालच्या पातळीच्या, बारीक अक्षरांतील मुद्द्यांत होती. 1 फेब्रुवारी रोजी वातावरणात परतताना यान नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. दुर्घटनेची कारणे अनेक होती. एका स्लाइडवर तिचे खापर फोडणे चुकीचे ठरेल. तरीही चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या स्लाइडची स्वतंत्र चिकित्सा केली आणि तांत्रिक अहवालांच्या जागी स्लाइड वापरण्याच्या सवयीवर स्पष्ट शब्दांत टीका केली. मजकुराची मांडणी ही सजावट नव्हे, हे यापेक्षा ठळकपणे दाखविणारे उदाहरण सापडणे कठीण आहे.

तंत्रसाहाय्य हा तिघांतील सर्वांत तरुण विषय. आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक 1981 मध्ये आला. त्याआधी संगणक तज्ज्ञांच्या दालनात असे, त्यानंतर तो प्रत्येक टेबलावर आला, आणि तो वापरणाऱ्या माणसाला त्याच्या आतले काही ठाऊक असण्याचे कारण उरले नाही. त्या माणसाने कोणाला विचारायचे, या प्रश्नातून मदतकक्ष निर्माण झाले. 1980 च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश शासनाच्या एका संस्थेने माहिती-तंत्रज्ञान सेवांच्या व्यवस्थापनासाठी आयटिल ही मार्गदर्शक चौकट तयार केली. 1993 मध्ये कॉम्पटिया या संस्थेने तंत्रसाहाय्य करणाऱ्यांसाठी ए प्लस हे प्रमाणपत्र सुरू केले, ज्याच्या परीक्षेचा आराखडा आजही अनेक महाविद्यालयीन अभ्यासक्रमांचा पाया असतो. आयटिलमधील एक भेद विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच समजावा लागतो : एखाद्याचे काम अडले ही घटना, आणि तशा घटना वारंवार घडविणारे मूळ कारण ही समस्या. घटना हाताळताना माणसाचे काम लवकरात लवकर सुरू करून देणे महत्त्वाचे, तर समस्या हाताळताना मुळाशी जाणे. दोहोंची गल्लत झाली की एकतर वापरकर्ता ताटकळत राहतो किंवा तीच तक्रार दर आठवड्याला परत येते.

दोषशोधनाची रूढ पद्धती सहा पायऱ्यांची आहे. अडचण ओळखणे, संभाव्य कारणाचा तर्क करणे, तो तपासणे, उपायाची आखणी करून तो अमलात आणणे, सर्व काही नीट चालते याची खात्री करणे आणि अखेरीस नोंद लिहिणे, असा तिचा क्रम आहे. यंत्राचे ज्ञान मधल्या पायऱ्यांना लागते. पहिल्या आणि शेवटच्या पायरीला भाषा लागते, आणि नेमक्या याच दोन पायऱ्या अभ्यासक्रमांत घाईने उरकल्या जातात. ‘प्रिंटर चालत नाही’ असे सांगणाऱ्या माणसाला प्रिंटर बंद आहे, कागद अडकला आहे, की छपाई दुसऱ्याच मजल्यावरच्या यंत्राकडे जात आहे, यांतला फरक सांगता येतोच असे नाही. त्याला विचारायचे प्रश्न ठरलेले असतात : शेवटचे नीट केव्हा चालले, त्यानंतर काय बदलले, पडद्यावर नेमके कोणते शब्द दिसतात, शेजारच्यालाही हीच अडचण आहे का. हे प्रश्न कोणत्या सुरात विचारले जातात यावर उत्तरांचा खरेपणा अवलंबून असतो, कारण आपल्याला मूर्ख ठरविले जात आहे असे ज्याला वाटते तो माणूस आपण कोणते बटण दाबले ते सांगत नाही. नोंदीचेही तसेच आहे. तिकिटावर, म्हणजे मदतकक्षातील तक्रारीच्या नोंदीवर, ‘दुरुस्त केले’ एवढेच लिहिलेले असेल तर पुढच्या पाळीतल्या सहकाऱ्याला त्याचा काडीचाही उपयोग नसतो. ‘प्रणाली अद्ययावत झाल्यावर मूळ (डिफॉल्ट) प्रिंटर म्हणून दुसऱ्या मजल्यावरचा निवडला गेला होता, तो बदलला, चाचणी पान छापून पाहिले’ एवढे लिहिले तर हीच तक्रार दुसऱ्यांदा आली असता ती दोन मिनिटांत सुटते.

कार्यस्थळ-प्रशिक्षणाच्या शिक्षणपद्धतीचा उगम युद्धकाळात आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेतील जहाजबांधणीसाठी हजारो अननुभवी कामगार तयार करण्याची गरज पडली, तेव्हा चार्ल्स अ‍ॅलन यांनी पूर्वतयारी, सादरीकरण, उपयोजन आणि तपासणी अशी चार पायऱ्यांची पद्धती वापरली. दुसऱ्या महायुद्धात 1940 ते 1945 या काळात ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री या शासकीय सेवेने तिलाच अधिक नेटके रूप दिले. 16 हजारांहून अधिक कारखान्यांतील सुमारे साडेसतरा लाख व्यक्तींनी या सेवेचे अभ्यासक्रम पूर्ण केले, आणि युद्धानंतर जपानी उद्योगांनी ते आपलेसे केले. काम शिकविण्याचा अभ्यासक्रम दोन-दोन तासांच्या अवघ्या पाच बैठकांचा असे.

त्यातील एक प्रात्यक्षिक जवळून पाहण्यासारखे आहे. विजेची तार ओढली गेली तरी जोडणीवर ताण येऊ नये म्हणून मारतात ती गाठ शिकवायची असे. प्रशिक्षक प्रथम ती केवळ शब्दांत सांगे : डावी तार अशी वळवा, उजवी तिच्यामागून न्या. समोरच्याला ती जमत नसे. मग तो एक शब्दही न बोलता गाठ मारून दाखवी, पण समोर बसलेल्याला ती उलट्या बाजूने दिसे, आणि तीही जमत नसे. तिसऱ्या वेळी तो शिकणाऱ्याला आपल्या बाजूला योग्य जागी उभा करी, त्याला काय ठाऊक आहे ते विचारी, एकेक टप्पा करत त्यातले नाजूक ठिकाण आणि त्यामागचे कारण सांगे, आणि मग तार त्याच्या हाती देऊन त्याच्याकडून तेच टप्पे वदवून व करवून घेई. गाठ बसे. कामगार शिकला नसेल तर शिकविणाऱ्याने शिकविलेच नाही, हे या सेवेचे ब्रीद होते. तांत्रिक शिक्षणात इतके नेमके आणि इतके माणुसकीचे सूत्र क्वचितच सांगितले गेले असेल.

पुढील काळात या पायावर बरीच रचना झाली. माल्कम नोल्स यांनी प्रौढांच्या शिकण्याचा स्वतंत्र विचार मांडला. 1975 मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने अमेरिकन लष्करासाठी विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी आणि मूल्यमापन असे टप्पे असलेले प्रशिक्षण-आखणीचे प्रारूप तयार केले. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये मूल्यमापनाच्या चार पातळ्या सांगितल्या : शिकणाऱ्याची प्रतिक्रिया, त्याचे शिकणे, कामावरील वर्तनात झालेला बदल आणि संस्थेला मिळालेले फळ. बहुतेक प्रशिक्षणांचे मूल्यमापन पहिल्या पातळीवरच थांबते. प्रशिक्षण आवडले का, असा अभिप्राय घेतला जातो, पण तीन महिन्यांनी कामावर जाऊन काही बदलले का हे पाहिले जात नाही.

या अभ्यासक्रमांपुढील नेहमीची अडचण म्हणजे साधनांचे आयुष्य. एखाद्या विशिष्ट प्रणालीच्या विशिष्ट आवृत्तीतील बटणे आणि मेन्यू यांभोवती रचलेला अभ्यासक्रम विद्यार्थी पदवी घेईपर्यंत जुना होतो. साधने शिकविणे टाळता येत नाही, परंतु त्यांना प्रश्न विचारणे, क्रम लावणे आणि नोंद करणे यांच्या सरावाचे माध्यम मानले, तर आवृत्ती बदलली तरी शिकलेले वाया जात नाही. म्हणून लेखी परीक्षेच्या जोडीला बनावट मदतकक्ष चालविणे, आंतरवासिता आणि प्रत्यक्ष प्रशिक्षणसत्र घेणे यांना गुण दिले जातात.

तिन्ही विषयांची एकत्र कसोटी पाहणारे एक प्रात्यक्षिक असे घेता येते : विद्यार्थ्याने एखाद्या साध्या कामाच्या सूचना एका पानावर लिहायच्या, ते काम कधीच न केलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याने ते पान वाचून काम करायचे, आणि लेखकाने त्याच्या शेजारी, मध्ये एक शब्दही न बोलता, बसून राहायचे. वाचणाऱ्याचा हात जिथे थांबतो, जिथे तो मागची ओळ पुन्हा वाचतो, त्या जागी लेखक पेन्सिलीने खूण करतो आणि दुसरा मसुदा त्या खुणांपासून लिहायला घेतो.