इलेक्ट्रॉन लेक, इलेक्ट्रिक आई

‘इलेक्ट्रॉन वाहतात म्हणून इलेक्ट्रिक’ हे इतक्या वेळा सांगितलं जातं की कुणी तपासायच्या भानगडीत पडत नाही. खरा क्रम नेमका उलटा आहे.

आयरिश शास्त्रज्ञ जॉर्ज स्टोनी यांनी विद्युतभाराच्या मूलभूत एककाला ‘इलेक्ट्रॉन’ हे नाव सुचवलं ते 1891 मध्ये. खुद्द कणाचा शोध जे. जे. थॉमसन यांनी 1897 मध्ये लावला, आणि ते त्याला ‘कॉर्पसल’ म्हणत. ‘इलेक्ट्रिक’ मात्र त्याच्या दोन शतकांहून अधिक आधीपासून इंग्रजीत वापरात होता. स्टोनींनी नवं नाव घडवलं तेच मुळी या जुन्या विशेषणावरून.

मग विशेषण आलं कुठून? ग्रीक भाषेत ‘एलेक्ट्रॉन’ म्हणजे अंबर, झाडाच्या डिंकासारख्या स्रावाचा लाखो वर्षांत झालेला पिवळसर खडा. तो लोकरीवर घासा आणि वाळलेल्या गवताच्या काडीजवळ न्या, काडी टुणकन उडून चिकटते. काच, गंधक हेही असंच वागतात, हे इंग्लंडच्या विल्यम गिल्बर्ट यांनी पाहिलं. चुंबकाची ओढ आणि ही ओढ वेगळी, हे ठासून सांगण्यासाठी त्यांनी 1600 साली लॅटिनमध्ये ‘इलेक्ट्रिकस’ वापरलं. अर्थ साधा: अंबरासारखं. विजेच्या प्रवाहाचा त्यात मागमूसही नव्हता.

आणि मला सगळ्यात आवडतं ते हे, की अंबराचं आपलं नाव तृणमणी. तृण ओढणारा मणी! ग्रीक शब्दात लपलेली ती उडणारी काडी आपल्या शब्दात उघड दिसते.